आबाजींची पितळी चरखी : दुरुस्तीच्या नोंदी

५ नोव्हेंबर २०२३

गोठ्यावरची कौले फेरायची असल्यामुळे काल माळा रिकामा केला. जुन्या तिफणीच्या नळ्यांमागे, पोत्यात गुंडाळलेली आबाजींची मासे धरण्याची चरखी सापडली. आबाजी गोंदिया-चांदा या छोट्या गाडीच्या मार्गावर पोर्टर होते. बंगाल नागपूर रेल्वेच्या काळातील एका बंगाली गार्डकडून त्यांनी ही चरखी घेतली होती, एवढेच घरात सांगितले जाते. आमच्या तालुक्यात बंगाली वसाहती आहेत आणि तिथले जुने लोक अशा चरखीला आजही हुईल म्हणतात. शेजारच्या वसाहतीतील दादांनी ती हातात घेताच उच्चारलेला पहिला शब्द तोच होता.

चरखीवर कोणाचाही छाप नाही. रचना अगदी साधी आहे. चार इंच व्यासाची, उथळ ताटलीसारखी, काठ वळवलेली पितळी पाटी मागे आहे. तिच्या मध्यभागी पोलादी आस नटाने घट्ट बसवलेला आहे आणि त्या आसावर पितळी रीळ फिरते. मूठ थेट रिळाच्या पुढच्या चकतीवर आहे, त्यामुळे मूठ एकदा फिरवली की रीळही एकदाच फिरते. रिळाच्या पाठीला तीस दातांचे चाक असून ताटलीच्या आतली खिट्टी त्या दातांवर आपटते. माशाने दोर ओढला की होणारा कर्र आवाज याच खिट्टीचा. ओढीला आवर घालण्याचे काम थोडेसे खिट्टी करते, उरलेले अंगठा.

आजची अवस्था अशी आहे. रीळ अर्धा फेरा फिरून अडकते. खिट्टी लुळी पडली आहे. मुठीची बोंडी किड्यांनी पोखरली आहे. दांडीवर बांधण्याची बैठक वाकणापाशी जवळजवळ तुटली आहे आणि ताटलीच्या काठाला एक लांब तडा आहे. मी आयटीआयमध्ये अनेक वर्षे फिटरकाम शिकवले, त्यामुळे हात लगेच पेचकसाकडे गेला होता, पण प्रत्येक बिघाडाचे कारण लिहून काढल्याशिवाय एकही भाग बदलायचा नाही, असे आजच ठरवले आहे.

६ नोव्हेंबर

रीळ आसावरून उतरवण्यातच पूर्ण दिवस गेला. रॉकेलमध्ये रात्रभर बुडवून ठेवूनही ते सुटले नाही. फटीतून सुईने काढलेला पदार्थ ग्रीससारखा मऊ नव्हता, तर पिवळट, चिवट, वार्निशसारखा होता. घरात त्या काळी जवसाचे तेल खाण्यात होते आणि आबाजींनी तेच वंगण म्हणून घातले असावे. जवसाचे तेल हवेतील प्राणवायू घेऊन हळूहळू घट्ट होत जाते आणि शेवटी त्याचा पापुद्रा बनतो. रंग कालवायला ते चालते ते याच गुणामुळे, आणि वंगण म्हणून चालत नाही तेही याच गुणामुळे. एकदा वाळलेला हा पापुद्रा रॉकेलमध्ये विरघळत नाही. शेवटी धुण्याच्या सोड्याचे गरम पाणी करून त्यात चरखी पंधरा-पंधरा मिनिटे तीन वेळा ठेवली, तेव्हा पापुद्रा साबणासारखा सुटला आणि रीळ हातानेच निघाले. ठोकावे लागले नाही, याचे समाधान वाटते.

सुटे केलेले भाग काड्यापेट्यांत घालून प्रत्येकीवर क्रमांक लिहिला.

१० नोव्हेंबर

गेले चार दिवस तड्यांचाच विचार करत होतो. आज सकाळच्या उन्हात भिंग घेऊन बसलो आणि जे दिसले ते सविस्तर लिहीत आहे, कारण पुढचे सर्व काम यावर अवलंबून आहे.

चरखीवर दोन वेगवेगळ्या प्रकारचे नुकसान आहे. पहिले रिळाच्या चकत्यांचे. तुंब्याजवळ, म्हणजे रिळाच्या मधल्या नळीजवळ, दोन चकत्यांमधील अंतर ३२ मि.मी. आहे, तर काठाजवळ ते ३३.६ मि.मी. भरते, म्हणजे चकत्या बाहेरच्या बाजूला फाकल्या आहेत. रिळावर नायलॉनचा दोर होता. नायलॉन ओढला की ताणतो, आणि ताणलेल्या स्थितीत रिळावर गुंडाळला गेला की पुन्हा आखूड होऊ पाहतो. शेकडो फेऱ्यांचा तो दाब आत तुंब्यावर आणि बाजूंना चकत्यांवर पडतो. नायलॉन जगासमोर आले १९३८ साली. ही चरखी ज्या घडणीची आहे ती रेशमाच्या, सुताच्या आणि अळशीच्या धाग्याच्या दोरांसाठी होती, आणि ते दोर असा दाब देत नाहीत. चकत्या फाकल्या असल्या तरी त्यांना तडा एकही नाही.

दुसरे नुकसान ताटलीच्या काठाचे आणि बैठकीचे. इथे धातू वाकलेला नाही, चेपलेला नाही, पातळही झालेला नाही. काठावरचा तडा २२ मि.मी. लांब आहे, काठाला आडवा जातो आणि टोकाशी त्याला दोन बारीक फाटे फुटतात. बैठक जिथे काटकोनात वाकवली आहे तिथे वाकणाच्या बाहेरच्या अंगाला असेच तीन तडे आहेत. पडून किंवा आपटून पितळ असे फुटत नाही, आधी ते वाकते. शिवाय ताटलीच्या काठावर दोराचा कसलाही भार येत नाही. मग तो फुटला कशाने?

उत्तर जिथे चरखी सापडली तिथेच आहे. ती गोठ्याच्या माळ्यावर, गोमूत्राच्या वाफेत, कितीतरी पावसाळे पडून होती. गोमूत्र कुजले की अमोनिया सुटतो. पितळ थंड अवस्थेत ठोकून किंवा दाबून आकारात आणले की त्याच्या अंगात ताण शिल्लक राहतो, आणि अशा ताणलेल्या पितळेला ओलावा व अमोनिया एकत्र लागला की कोणताही बाहेरचा भार नसताना ते आपोआप तडकते. ब्रिटिश लष्कराला हा अनुभव आपल्याच देशात आला होता. पावसाळ्यात तबेल्यांच्या आसपास साठवलेल्या काडतुसांच्या पितळी नळ्या न वापरताच तडकत, आणि त्यामागे अमोनिया आहे हे १९२१ साली मूर, बेकिन्सेल आणि मॅलिन्सन यांनी दाखवून दिले. तडे मोसमी हवेत पडत, म्हणून या प्रकाराला इंग्रजीतही मोसमाचेच नाव मिळाले. जस्ताचे प्रमाण सुमारे पंधरा टक्क्यांहून अधिक असलेल्या पितळेला हा धोका विशेष असतो, आणि पत्र्याच्या नेहमीच्या पितळेत ते तीस टक्क्यांच्या आसपास असते.

चकत्या का तडकल्या नाहीत, याचाही उलगडा यातून होतो. त्या सपाट पत्र्याच्या कापलेल्या आहेत, तर ताटलीचा काठ आणि बैठक थंड धातू वाकवून केलेली आहेत. दोर गुंडाळलेला असल्यामुळे चकत्यांची आतली बाजू झाकलेलीही होती.

या निदानाचा अर्थ असा की नुसता तडा बुजवून भागणार नाही. अंगातला ताण काढला नाही, तर डाख दिलेल्या जागेच्या शेजारी नवा तडा जाईल.

१८ नोव्हेंबर

दिवाळीनंतर गावोगावी मंडई म्हणजे जत्रा भरते आहे, दंडारीची लोकनाट्ये चालू आहेत, आणि अर्जुनीतील लेथवाला भाऊ तीन दिवस दुकानात नाही. तोवर घरीच स्वच्छतेचे काम केले.

चिंच लावून चरखी लखलखीत करावी असा घरात आग्रह होता. मी तो मानला नाही. पितळेवर आलेला तपकिरी थर धातूचे रक्षण करतो, आणि जिथे आबाजींचा अंगठा वर्षानुवर्षे रिळाच्या काठावर टेकत होता तिथे तो थर वेगळ्या, उजळ रंगाचा आहे. ती खूण एकदा घासली की परत आणता येणार नाही. बाजारातील पॉलिशच्या बाटलीचाही विचार सोडून दिला, कारण अशा काही पॉलिशमध्ये अमोनियाच असतो. कोमट पाणी, सौम्य साबण आणि दात घासण्याचा मऊ ब्रश, एवढ्यावरच थांबलो.

२३ नोव्हेंबर

आज ताटलीतील ताण काढला. त्यासाठी पितळ सुमारे २६० ते ३०० अंश सेल्सिअसवर तासभर ठेवावे लागते. त्याहून फार वर गेले तर धातू मऊ पडू लागतो आणि काठाची ताठरता जाते. माझ्याकडे भट्टी नाही आणि एवढे तापमान मोजणारा तापमापकही नाही, म्हणून जुन्या लोखंडी कढईत नदीची चाळलेली, कोरडी वाळू भरली, आस आणि खिट्टी काढलेली ताटली तिच्यात पुरली आणि ताटलीच्या पातळीलाच एका लहान वाटीत कथलाचा एक आणि शिशाचा एक तुकडा ठेवला. कथील २३२ अंशांना वितळते, शिसे ३२७ अंशांना. कथील पाण्यासारखे झाले आणि शिसे घट्ट राहिले, म्हणजे आपण दोहोंच्या मधे आहोत.

चुलीवर हे साधणे वाटले होते तितके सोपे नव्हते. चाळीस मिनिटांनी कथील वितळले, पण लगेच शिशाच्या तुकड्याची कड गोलावू लागली. मी दोन लाकडे ओढून घेतली आणि नंतर फक्त निखाऱ्यांवर काम चालवले. तासभर दर पाच मिनिटांनी वाटीत डोकावत होतो. त्यानंतर कढई तशीच झाकून ठेवली आणि ताटली संध्याकाळी, पूर्ण थंड झाल्यावर काढली. रंग किंचित गडद झाला आहे. तडा वाढलेला नाही. काठ बोटाने दाबून पाहिला, तो पूर्वीइतकाच ताठ आहे.

२६ नोव्हेंबर

तड्याच्या दोन्ही फाट्यांच्या टोकाशी १ मि.मी.चे भोक पाडले, म्हणजे तडा पुढे सरकायला धारदार टोक उरत नाही. मग काठाच्या आतल्या बाजूला अर्धा मि.मी. जाडीच्या पितळी पत्र्याचा लहान जोड ठेवून डाख दिला. बाहेरून तडा केसासारखा दिसतो आणि तो तसाच दिसू दिला आहे.

डाख देण्याआधी कल्हईवाल्या काकाजींकडे कथील आणायला गेलो होतो. त्यांनी आपुलकीने नवसागराचा खडा पुढे केला आणि म्हणाले, “याच्याबिगर कथील धरत नाही, मास्तर.” भांड्याच्या कल्हईसाठी त्यांचे म्हणणे शंभर टक्के खरे आहे. परंतु नवसागर म्हणजे अमोनियाचाच क्षार. ज्या विषाने हे पितळ तडकले तेच मी सांध्यात भरून ठेवले असते. मी राळ वापरली. राळेने कथील धरायला वेळ लागतो आणि जागा अतिशय स्वच्छ लागते, पण ६० टक्के कथील आणि ४० टक्के शिशाचा डाख १९० अंशांच्या आतच वितळतो, त्यामुळे सगळे काम मोठ्या सोल्डरिंग आयर्नने आणि बेताच्या उष्णतेत झाले.

बैठक मात्र वाचवता आली नाही. तीनपैकी एक तडा आरपार होता, आणि मोठ्या माशाची सगळी ओढ याच वाकणावर येते. जुनी बैठक साचा म्हणून वापरून २ मि.मी.च्या पितळी पत्र्यातून नवी कापली. वाकवण्यापूर्वी तो भाग अंधारात मंद लाल दिसेपर्यंत तापवून मऊ केला, लाकडी ठोकळ्यावर हळूहळू वाकवला आणि वाकवून झाल्यावर तिलाही त्याच वाळूच्या कढईत तासभर ठेवले.

३ डिसेंबर

बुशासाठी, म्हणजे झिजलेल्या भोकात बसवायच्या नळीसाठी, धातू शोधायला भंडाऱ्याला गेलो. भंडाऱ्याची ओळखच पितळेचे गाव अशी आहे आणि जुन्या बाजारातील भांड्यांच्या दुकानांपुढून जाताना ती अजूनही पटते.

प्रश्न असा होता. आस स्थिर आहे आणि रीळ त्यावर फिरते, त्यामुळे दोघांची झीज वेगवेगळ्या तऱ्हेने झाली आहे. दोर रिळाला दांडीच्या शेंड्याकडे ओढतो, म्हणून आस फक्त दांडीच्या मुठीकडच्या अंगाने झिजला आहे. न झिजलेल्या बाजूंना तो पाव इंच, म्हणजे ६.३५ मि.मी. भरतो, झिजेच्या दिशेने ६.२२. रीळ फिरत असल्याने त्याच्या तुंब्याचे भोक सगळीकडून सारखे झिजले, पण दोन्ही तोंडांशी जास्त: मधे ६.६ आणि तोंडांशी ६.९ मि.मी. बैलगाडीच्या कण्याचे आणि तुंब्याचेही असेच होते. कणा खालून झिजतो, तुंबा चहूकडून.

आस बदलायचा नाही. तो नटाने बसवलेला आहे, तेव्हा नट सैल करून अर्धा फेरा फिरवला की न झिजलेली बाजू भाराखाली येते. तुंब्याला मात्र बुश बसवावाच लागेल.

दुकानदार भाऊंनी काशाचा तुकडा दाखवला. कासे सुरेख दिसते, पण त्यात कथील बावीस टक्क्यांपर्यंत असते. त्यामुळे ते नादमधुर होते, कठीण होते आणि तितकेच ठिसूळही होते. दाबून बसवायच्या पातळ बुशाला ते योग्य नाही. शेवटी भंगारच्या दुकानात एका जुन्या पंपाचा गनमेटलचा बुश मिळाला. या धातूत साधारण ८८ भाग तांबे, १० भाग कथील आणि २ भाग जस्त असते, तो पोलादी आसावर गुळगुळीत चालतो, आणि झिजायचेच असेल तर आसाआधी तो झिजतो. जस्त इतके कमी असल्याने अमोनियाचीही मोठी भीती नाही.

९ डिसेंबर

लेथवर आज तीन तास गेले. भाऊंचे म्हणणे होते की ९ मि.मी.चे ड्रिल सरळ आरपार घालावे, पाच मिनिटांचे काम. मी त्यांना थांबवले. ड्रिल जुन्या भोकाचाच माग काढत जाते. भोकाचे तोंड एकीकडे जास्त झिजलेले असेल तर नवे भोकही तिकडेच कलते, आणि मग रीळ कायमचे डोलत फिरते. शिवाय पितळेत नेहमीच्या धारेचे ड्रिल अचानक रुतून बसते आणि चकत्या हातात येतात. भाऊ चांगले कारागीर आहेत, त्यांनी ऐकून घेतले.

रीळ चार जबड्यांच्या चकमध्ये धरले. मध्य साधताना चकतीचा काठ आधार म्हणून घेतला नाही, कारण चकत्या फाकलेल्या आहेत. तुंब्याची बाहेरची, दोराखाली झाकलेली बाजू मूळ अवस्थेत होती, तिच्यावर मापाचे डायल गेज लावून मध्य दोन शतांश मि.मी.पर्यंत आणला. मग बोअरिंगच्या हत्याराने बारीक बारीक काप घेत भोक ९ मि.मी. केले. बुश बाहेरून ९.०२ ठेवला आणि व्हाइसमध्ये दोन लाकडी फळ्यांमधून हळूहळू दाबून बसवला. बसवल्यावर तो आतून किंचित आवळतो हे धरून आतले भोक शेवटी रीमरने, म्हणजे भोक नेमक्या मापाला आणणाऱ्या हत्याराने, ६.३९ केले.

आस फिरवून रीळ चढवले. दोराच्या ओढीच्या दिशेने ते नेमके टेकते. उलट दिशेने हलवले तर जुन्या झिजेमुळे थोडी ढिलाई जाणवते. ती मला मान्य आहे.

१० डिसेंबर

चकत्या दोन लाकडी पाचरींच्या मधे व्हाइसमध्ये धरून, फिरवत फिरवत, थोड्या थोड्या आत आणल्या. काठाशी ३३.६ होते ते ३२.५ झाले. तिथे धातूने कुरकुरल्यासारखा विरोध केला, आणि मी थांबलो.

१७ डिसेंबर

खिट्टीची कमान म्हणजे या चरखीचा जीव. जुनी कमान स्क्रूच्या भोकापाशी गंजून तुटली होती. शिल्लक तुकडा मायक्रोमीटरने ०.५ मि.मी. जाड भरला.

घरच्या बंद पडलेल्या भिंतीवरच्या घड्याळाची कमान घेतली. ती आधीच पाणी दिलेली, म्हणजे तापवून कठीण केलेली असते, म्हणून आकारात कापणे शक्य होते, पण भोक पाडणे नाही. पहिल्या पट्टीला मी तशीच ड्रिल लावली आणि ती काचेसारखी दुभंगली. दुसऱ्या पट्टीचे टोक मऊ करण्यासाठी दिव्यावर धरले, पण लक्ष थोडे ढळले आणि उष्णता अर्ध्या पट्टीपर्यंत चढली. भोक सहज पडले, मात्र वाकवल्यावर पट्टी वाकलेलीच राहिली. दोन्ही चुका माझ्याच घाईच्या आहेत, आणि मुलांना वर्गात ज्या चुकांबद्दल बजावत असे त्याच आहेत. तिसऱ्या वेळी पट्टीचा चांगला भाग ओल्या चिंधीत गुंडाळून व्हाइसमध्ये धरला आणि फक्त बाहेर राहिलेले टोक तापवले. पोलादावर पिवळा, मग जांभळा, मग निळा रंग चढताना दिसतो, आणि निळा रंग सुमारे ३०० अंशांना येतो. टोक निळ्याच्या पुढे जाऊन राखाडी होऊ दिले, पण निळी रेघ चिंधीच्या काठाशीच थांबली. भोक पडले आणि पट्टीची लवचीकताही राहिली.

तरीही आवाज मिळमिळीत आला. कारण घड्याळाची कमान ०.४ मि.मी.ची आहे. पट्टीचा ताठरपणा जाडीच्या घनाच्या प्रमाणात बदलतो, त्यामुळे ०.५च्या जागी ०.४ घेतली की ताठरपणा जवळजवळ निम्म्यावर येतो. जाड पट्टी शोधत हिंडण्याऐवजी तशीच आणखी एक पट्टी करून दोन्ही एकावर एक ठेवल्या, ट्रकच्या पाट्यांसारख्या. ०.४च्या घनाची दुप्पट ०.१२८ होते, ०.५चा घन ०.१२५. हिशेब कागदावर बरोबर उतरला होता, आणि कमान बसवून रीळ फिरवल्यावर तो कानालाही पटला.

२४ डिसेंबर

मुठीची बोंडी कशाची आहे हे पाहण्यासाठी आतल्या बाजूला तापलेली सुई टेकवली. जळक्या केसांचा वास आला, म्हणजे शिंग. एबोनाइट असते तर गंधकाचा वास आला असता. शिंगाला केसाळ अळ्या खातात, तसेच इथे झाले आहे. धावड्याच्या जुन्या कुऱ्हाडीच्या दांड्यातून त्याच मापाची नवी बोंडी लेथवर करून घेतली. धावडा चिवट आहे, ओला-सुका झाल्याने सहजी फुटत नाही. शिंगाचा चकाकता काळा रंग तिला नाही, आणि तिला काळा रंग देण्याची मला इच्छाही नाही.

३० डिसेंबर

बैठकीचे चार स्क्रू हा लहान पण चिकट प्रश्न होता. एक हरवला होता, दोन मूळचे होते आणि एक उपरा होता. मूळ स्क्रूचा व्यास २.८ मि.मी. आहे आणि आठ आटे मिळून ४.२ मि.मी. होतात, म्हणजे एका आट्याला सुमारे ०.५३. हे ब्रिटिश असोसिएशनने १८८४ साली ठरवलेल्या मालिकेतील सहा नंबरचे माप आहे, म्हणजे ६ बी.ए. त्याच्या आट्यांचा कोन साडेसत्तेचाळीस अंश असतो. आजचा ३ मि.मी.चा स्क्रू साठ अंशांचा आणि अर्ध्या मि.मी. आट्याचा. दोन्ही डोळ्यांना सारखेच दिसतात, आणि म्हणूनच पूर्वी कोणीतरी तो दुसरा स्क्रू जोर लावून एका भोकात घुसवला.

बी.ए. मापाचे स्क्रू हार्डवेअरच्या दुकानात विचारले की लोक आपल्या तोंडाकडे पाहतात. जुन्या व्हॉल्व्हच्या रेडिओत मात्र ते असत. गोंदियाला एका वयस्क रेडिओ दुरुस्त करणाऱ्या काकाजींच्या डब्यात पंधरा मिनिटे शोधल्यावर सहा नंबरचे दोन पितळी स्क्रू निघाले. पैसे घ्यायला ते तयार नव्हते, पण चरखीविषयी त्यांनी एवढे बारकाईने विचारले की अर्धा तास कसा गेला ते समजले नाही. एक स्क्रू वापरला, दुसरा पुढच्यासाठी ठेवला. उपऱ्या स्क्रूचे भोक बुजवून नव्याने आटे पाडता आले असते, पण तो स्क्रू घट्ट धरतो आणि भोवतालचे पितळ पातळ आहे. त्याला जागेवरच राहू दिले आणि कोणता भोक वेगळा आहे ते कागदावर नोंदवले.

७ जानेवारी २०२४

पूर्ण जुळणी केली. आसाला शिलाई मशीनच्या तेलाचे दोन थेंब, दातांना आणि खिट्टीच्या खुंटीला अगदी पातळ ग्रीस. शेजारून खोबरेल तेलाची सूचना आली होती, परंतु खोबरेल चोवीस अंशांखाली थिजते आणि आमच्याकडे पौषातल्या पहाटे तलावाकाठी त्याहून कितीतरी अधिक थंडी असते.

मूठ बोटाने हलवून सोडली की रीळ खिट्टीशिवाय बावीस फेरे फिरते. खिट्टी लावली की आवाज दोन्ही दिशांना सारखा येतो.

२१ जानेवारी

गावच्या मामा (माजी मालगुजारी) तलावाचा ठेका मच्छीमार संस्थेकडे आहे. संस्थेच्या ढिवर काकाजींना आधी विचारले, त्यांनी परवानगी दिली आणि स्वतः सोबतही आले. दोर सुताचा वापरायचा की नायलॉनचा, यावर मी बराच विचार केला होता. शेवटी तळाशी सुताच्या जाड दोऱ्याचा गादीसारखा थर देऊन त्यावर साठ मीटर नायलॉन घेतला. सुताचा थर दबतो आणि नायलॉनची आवळण काही अंशी पोटात घेतो. दांडी स्थानिक मानवेल बांबूची आहे, तिच्यावर बैठक मेणवलेल्या दोऱ्याने बांधली.

जवसाच्या ढेपेचा आणि कोंड्याचा गोळा लावून दीड तास बसलो. साडेआठच्या सुमारास खिट्टी दोनदा बोलली आणि मग सलग वाजू लागली. मासा पंधरा-वीस मीटर गेला. अंगठा रिळाच्या काठावर ठेवल्यावर तो नेमका त्या उजळ खुणेवर बसला, कारण मुठीच्या मानाने तेवढी एकच जागा मोकळी राहते, हे मला घरी बसून कळले नव्हते. रोहू निघाला, काकाजींच्या काट्यावर एक किलो आठशे. तो त्यांच्याकडेच दिला.

परतल्यावर सगळा दोर काढून सैल हाताने पुन्हा गुंडाळला, म्हणजे माशाच्या ओढीत ताणून बसलेला नायलॉन चकत्या रेटणार नाही. काठाशी अंतर मोजले. ३२.५ मि.मी., बदल नाही.

२० ऑक्टोबर २०२४

पावसाळा संपला. चरखी या वर्षी घरातल्या खोलीत, सुती पिशवीत, खुंटीला टांगलेली होती. जानेवारीत तड्याच्या दोन्ही टोकांशी, आतल्या बाजूला, सुईने बारीक रेघा ओढून ठेवल्या होत्या. आज भिंगाखाली पाहिल्या. तडा रेघांच्या अलीकडेच आहे, डाख कुठे उचललेला नाही, आणि नव्या बैठकीच्या वाकणावर एकही खूण नाही. कमानीच्या दोन पट्ट्यांमधे गंजाचा एक ठिपका सापडला. तो पुसून दोन्हींमध्ये ग्रीसचा थर दिला, जो मी जुळणीच्या वेळीच द्यायला हवा होता. जुनी बैठक, शिंगाची बोंडी, तुटलेली कमान आणि उरलेला स्क्रू एका डब्यात, या वहीसोबत ठेवले आहेत.